दिल्लीतला पहिला हिवाळा, घर गरम ठेवायची सोय नाही, सासूबाई ७६ वर्षांच्या. काय करावं?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मिस्टरांची बदली झाली म्हणून जूनमध्ये कोल्हापूरहून दिल्लीला आलो. पूर्व दिल्लीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर आहे, डोक्यावर थेट गच्ची. घरात आम्ही दोघं, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. इथल्या उन्हाळ्याची सगळ्यांनी एवढी भीती घातली होती, तो निघाला कसाबसा. थंडीबद्दल मात्र कोणी बोललं नव्हतं.

गेले पाच दिवस ऊन नाही. धुकं सकाळचं जातच नाही, दुपारी दोनला ट्यूबलाइट लावावी लागते. भिंतीवर टांगायचा छोटा तापमापक आणला, म्हणून आकडे सांगू शकते: सासूबाईंच्या खोलीत आज पहाटे सहाला १२ अंश, दुपारी दोनला १४. म्हणजे दिवसभरात दोन अंशांचाच फरक. फरशीवर पाय टेकवला की कळ थेट डोक्यात जाते. दूध विरजलं तर दोन दोन दिवस दही लागत नाही. परवा वाळत घातलेली चादर आज हाताला ओलीच लागतेय.

सासूबाई बोलत नाहीत, पण दोन दिवस त्या पलंगावरून उतरलेल्या नाहीत. काल त्यांना वाटी द्यायला गेले तर बोटं इतकी गार की मी दचकलेच. नखं निळसर दिसत होती. आधीच बीपीच्या गोळ्या चालू आहेत.

एक ब्लोअर घेतलाय २००० वॉटचा. चालू असेपर्यंत बरं वाटतं, बंद केला की दहा मिनिटांत पहिल्यासारखं. रात्रभर लावला तर बिल कुठे जाईल याचा धसका आहे, आणि त्याने सासूबाईंचा घसा कोरडा पडतो.

आता मुख्य प्रश्न. सासूबाई म्हणतात, कोळशाची शेगडी आण, रात्री खाटेखाली ठेवू. त्यांची चारही बाळंतपणं शेगडीच्या शेकावर झाली, "कुणाला काही झालं नाही." इथे कोपऱ्यावर लोखंडी अंगीठी मिळते आणि कोळसाही. उद्या आणायचं जवळजवळ ठरलंय. कोणाला अनुभव आहे का? खिडकी थोडी उघडी ठेवली तर चालेल ना?

---

पहाडगंजकर | सोमवार, रात्री ९:५२

शेगडी आणू नका. बाकीचं सावकाश लिहिते, पण एवढं आत्ता वाचा आणि मिस्टरांनाही दाखवा. खिडकी फटीएवढी उघडी ठेवली तरीही नको.

---

डॉ_वैदर्भी | सोमवार, रात्री १०:१५

वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. मी नागपुरात फिजिशियन आहे.

कोळसा धुमसताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. धूर दिसेनासा होऊन निखारा लालबुंद झाला की आपण समजतो, आता शेगडी आत घ्यायला हरकत नाही. पण हा वायू त्या लाल निखाऱ्यातूनच निघत असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, अंगातलं त्राण जातं. माणूस म्हणतो सर्दी भरली असेल, जरा पडतो. झोपलेल्याला तर हेही कळत नाही. लहान मूल आणि गर्भार बाई यांना धोका आणखी जास्त.

बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरनेही हेच होतं. तुमच्याकडे तसा असेल तर तो बाहेरच्या भिंतीवर हलवून घ्या.

आता सासूबाईंबद्दल. निळसर नखं आणि दोन दिवस अंथरुणात, हे मला आवडलेलं नाही. उद्या जवळच्या डॉक्टरांना दाखवाच. बीपी सकाळी उठल्याबरोबर मोजून लिहून ठेवा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे पेशंट आम्हाला दर हिवाळ्यात वाढलेले दिसतात. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस नागपूर ३.५ अंशांपर्यंत उतरलं होतं, ते दिवस मला लख्ख आठवतात. आमच्या वॉर्डात आलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी कितीतरी जण घरातच गारठलेले होते. घराबाहेर पाऊलही टाकलं नव्हतं त्यांनी.

वय झालं की शरीराला गारठा उशिरा कळतो. हुडहुडी भरायला हवी तेव्हा भरत नाही. म्हणून "मला नाही वाजत थंडी" यावर विसंबू नका. हात-पाय तर सगळ्यांचेच गार पडतात, पोटावर किंवा मानेमागे हात लावून बघा. तिथेही गार लागलं, बोलणं जड झालं, माणूस गोंधळल्यासारखा वागायला लागला, चालताना झोक जायला लागला, तर थेट दवाखाना. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की जीवावरचं दुखणं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरातलं तापमान हिवाळ्यात किमान १८ अंश असावं असं सुचवलंय, म्हाताऱ्या आणि आजारी माणसांसाठी त्याहून जास्त. आपल्याकडे ते अख्ख्या घराला परवडणारं नाही, मला माहीत आहे. पण एका खोलीला जमवता येतं.

---

पहाडगंजकर | सोमवार, रात्री ११:०५

आता सविस्तर लिहिते. आमचं कुटुंब तीन पिढ्या दिल्लीत. माझा जन्म इथलाच, ६१ हिवाळे काढले या शहरात.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका इमारतीचा चौकीदार गच्चीवरच्या एका खोलीत बायकोबरोबर राहायचा. पूर्णियाकडची माणसं. जानेवारीतली सकाळ. तो पाण्याची मोटर लावायला उतरला नाही म्हणून दोघं-तिघं वर गेले, मीही गेले, कारण ती माझ्याकडे कामाला यायची. दार आतून लावलेलं, दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबलेलं. थंडी येऊ नये म्हणून तिनेच कोंबलेलं असणार. दार तोडलं. अर्धा कापलेला तेलाचा डबा मधोमध, त्यात पांढरी राख. परातीत भिजवलेली कणीक फडक्याखाली झाकून ठेवलेली. सकाळच्या पोळ्यांसाठी. दोघं रजईत एकमेकांकडे तोंड करून झोपलेली, चेहऱ्यावर काही त्रास नाही. मला वाटलं हाक मारली तर उठतील.

इथे दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात अशा चार ओळी येतात. तुम्ही नव्या आहात, तुम्हाला माहीत नसणार, म्हणून लिहिलं.

सासूबाईंना हे सांगताना त्यांचं चुकलं असं म्हणू नका. त्यांचं खरंच आहे, त्यांच्या घरात शेगडीने काही झालं नाही. पण ते घर कसं होतं ते त्यांनाच विचारा. कौलारू असेल. कौलांच्या सापटीतून पहाटेचा उजेड दिसत असेल, धूर आपोआप वर जात असेल. दाराच्या फळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी. तुमच्या घराला वर काँक्रीटचा स्लॅब आणि खिडक्यांना सरकत्या काचा. शेगडी तीच असली तरी घर ते नाही.

---

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ११:३०

वाचून हात थरथरले. मिस्टरांनी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "आमच्या माजघराला धुराडं होतं की." घर पन्हाळ्याच्या बाजूचं, कौलारूच होतं.

शेगडी येणार नाही. उद्या डॉक्टरांकडे नेते. पण मग ऊब आणायची कुठून?

---

फेज_न्यूट्रल | मंगळवार, सकाळी ७:२०

मी वायरिंगची कामं करतो, पुण्यात. विजेपुरतं लिहितो.

२००० वॉटचा हीटर तासाला २ युनिट खातो. रात्री आठ तास लावला तर १६ युनिट, महिन्याला ४८०. तुमच्या दिल्लीत २०० युनिटपर्यंत बिल माफ आणि ४०० पर्यंत अर्धी सवलत आहे ना? एकटा हीटरच तुम्हाला त्या दोन्ही पायऱ्यांच्या बाहेर नेईल. थर्मोस्टॅट असेल तर मध्ये मध्ये बंद पडतो, मग कमी येईल, पण गच्चीखालच्या खोलीत तो फारसा बंद पडणार नाही.

दुकानदार सांगतात तेलाचा हीटर कमी वीज खातो. तसं काही नसतं. ब्लोअर असो, लाल दांडीचा असो नाहीतर तेलाचा, एका युनिटमधून सगळे सारखीच उष्णता देतात. फरक असतो तो ती पोचवण्यात. ब्लोअर हवा तापवतो, ती तुमच्या छताकडे जाते आणि स्लॅबमधून संपते. तेलाचा हीटर हळू तापतो पण बंद केल्यावरही अर्धा-पाऊण तास ऊब धरतो, आवाज नाही, घसा तेवढा कोरडा पडत नाही. लाल दांडीचा समोर बसलेल्या माणसाला थेट शेकतो, शेकोटीसारखा. आजी खुर्चीत बसून पोथी वाचत असतील तर ८०० वॉटची एक दांडी पुरते. फक्त पदर, पडदा, पांघरूण तीन फुटांच्या आत नको आणि झोपताना बंद.

वीज खरोखर वाचवायची तर थंड-गरम दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी. तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत टाकतो, त्यामुळे एका युनिटमध्ये तिपटीच्या आसपास ऊब मिळते. भाड्याच्या घरात लगेच घ्या असं म्हणत नाही, पण पुढेमागे एसी घेणारच असाल तर तोच घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं: हीटर एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका. २००० वॉट म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर. साध्या ५-६ अँपिअरच्या सॉकेटचं प्लास्टिक वितळतं, मी दर हिवाळ्यात काळी पडलेली सॉकेटं बदलतो. १६ अँपिअरच्याच पॉइंटवर. पंधरा मिनिटांनी पिनेला हात लावून बघा, चटका बसला तर बंद करा. आणि बादलीत सोडायच्या रॉडने पाणी तापवत असाल तर बटण बंद करून, पिन काढून मगच पाण्यात बोट.

---

द्राक्षबाग | मंगळवार, सकाळी ८:०५

निफाडकडून. महाराष्ट्रात थंडीचा आकडा बातमीत आला की बहुतेक वेळा तो आमच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा असतो. आज पहाटे साडेतीनला उठून बागेत शेकोट्या पेटवल्या आणि ठिबक चालू केलं. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, त्याने मुळांशी ऊब राहते. नाहीतर मणी तडकतात आणि वर्षाचं पीक जातं.

आमच्याकडे दोन घरं आहेत. मी २०११ ला बांधलेलं स्लॅबचं, आणि शेजारी आजोबांचं मातीचं, धाब्याचं. भिंत दोन फूट जाड. आईवडील नव्या घरात एक हिवाळा झोपले आणि दुसऱ्या वर्षी अंथरूण उचलून जुन्यात गेले. मला वाईट वाटलं होतं. मग एका रात्री मीच तिथे झोपलो आणि समजलं. मातीची भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री हळूहळू देत राहते. छतावर मातीचा वीतभर थर. माझा स्लॅब मात्र आभाळ स्वच्छ असलं की रात्रीत सगळी ऊब वर टाकून देतो, आणि पहाटे खाली झोपलेल्याला तो छातीवर गार दगड ठेवल्यासारखा वाटतो.

म्हणून, ताई, गच्चीखालची खोली झोपायला वापरूच नका असं सांगणार होतो, पण तुमचा सगळा मजलाच गच्चीखाली आहे. तर मग मधली खोली निवडा, जिच्या जास्तीत जास्त भिंती घराच्या आत आहेत. चौघं एकाच खोलीत झोपा. चार माणसांच्या अंगाचीच ऊब किती असते बघा.

एक अजून सांगतो. आमच्याकडे छाटणी-काढणीला पेठ, सुरगाण्याकडची माणसं येतात. पूर्वी ताडपत्रीच्या पालात झोपायची. एकदा त्यांच्यातल्या एका म्हातारबाबांनी मला सांगितलं, "वरून कितीबी पांघरा, थंडी खालून येती." तेव्हापासून भाताचा पेंढा वीतभर अंथरून देतो, त्यावर सतरंजी. आता पत्र्याच्या खोल्या बांधल्यात, पण पेंढा अजून लागतो, कारण पत्र्याला पहाटे आतून दव येतं आणि अंगावर ठिबकतं. पत्र्याखाली प्लायवूड मारायचं काम या वर्षी करतोय.

---

उगवतीकडे | मंगळवार, दुपारी १२:१०

"थंडी खालून येती" अगदी खरं. मी तोक्योजवळ राहते, सात वर्षं झाली. लोकांना वाटतं जपानमध्ये घरं गरम असतील. उत्तरेकडच्या होक्काइदोमध्ये असतात. इकडे भिंती पातळ, अख्खं घर गरम करायची पद्धतच नाही. आमच्या शेजारच्या आजी ज्या खोलीत असतील तेवढीच गरम करतात.

त्यांच्याकडे कोतात्सु आहे: बुटकं टेबल, खाली छोटा विजेचा हीटर, वरून जाड दुलई. पाय आत घालून सगळे भोवती बसतात. अख्ख्या खोलीला लागते त्याच्या कितीतरी कमी विजेत चार माणसं उबदार राहतात. तुम्ही विजेचा भाग स्वतः करू नका, पण पाटाखाली किंवा स्टुलाखाली गरम पाण्याच्या दोन पिशव्या ठेवून वरून गोधडी टाका, मुलगा आणि आजी दोघं पाय घालून बसतील. मी पहिल्या वर्षी हेच केलं होतं.

गरम पाण्याच्या पिशवीबद्दल सावधगिरी. इथे "कमी तापमानाचं भाजणं" असा वेगळा शब्दच आहे. ४४ अंश म्हणजे हाताला नुसतं सुखद कोमट, पण तीन-चार तास एकाच जागी चिकटून राहिलं तर कातडी आत खोलवर भाजते. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेल्यांना तर पत्ताच लागत नाही. पिशवी झोपायच्या अर्धा तास आधी अंथरुणात ठेवायची, अंथरूण तापवायचं आणि आपण शिरताना ती काढून घ्यायची.

दुसरं न्हाणीघर. इथे हिवाळ्यात पुष्कळ म्हातारी माणसं न्हाणीघरात दगावतात. गार खोलीत कपडे काढायचे आणि एकदम कढत पाण्यात, बीपी आधी वर उसळतं मग कोसळतं. सासूबाईंना दुपारी आंघोळ घाला, आधी गरम पाण्याची बादली ओतून न्हाणीघर वाफेने भरू द्या, आणि अंग पुसायचे कपडे हाताशी ठेवा. रोज आंघोळ नाही झाली तरी चालेल.

---

लीड्सहून | मंगळवार, दुपारी ३:४५

आमच्याकडे हीटिंग आहे, पण २०२२ च्या हिवाळ्यात ते असून नसल्यासारखं होतं. सरकारने दर बांधल्यावरही साधारण घराचा वर्षाचा गॅस-विजेचा खर्च अडीच हजार पौंडांच्या घरात. आम्ही सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बॉयलर लावायचो. बाकी वेळ स्वेटरवर स्वेटर.

थंडी आम्ही सोसली. पण फेब्रुवारीत कपाट भिंतीपासून ओढलं तर मागे जमिनीपासून कमरेपर्यंत काळी बुरशी. मुलीचा खोकला तीन महिने का जात नव्हता ते तेव्हा समजलं. घरमालकाला आधी दोनदा कळवलं होतं, त्याने "खिडक्या उघडा" एवढंच उत्तर दिलं. चूक कोणाचीही असो, खोकला मुलीच्या छातीत होता.

तुमची चादर तीन दिवस वाळत नाही हे वाचून म्हणून लिहितेय. श्वास, स्वयंपाक, आंघोळ, ओले कपडे, या सगळ्याची वाफ घरातल्या सगळ्यात गार भिंतीवर जाऊन बसते. कपडे झोपायच्या खोलीत वाळवू नका. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब. कुकरच्या शिट्ट्या होताना स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी. आणि रोज दहा मिनिटं सगळी खिडक्या-दारं सताड उघडून हवा बदला. दहा मिनिटांत भिंती गार होत नाहीत, फक्त ओली हवा जाते.

---

पहाडगंजकर | मंगळवार, संध्याकाळी ५:३०

लीड्सहून, तुमचं पटलं, पण दिल्लीत वेळ सांभाळावी लागते. पहाटे आणि रात्री इथली हवा सगळ्यात घाण असते, धूर जमिनीलगत बसलेला असतो. खिडक्या दुपारी दोन ते चारच्या दरम्यान उघडायच्या, तेव्हा हवा त्यातल्या त्यात बरी. सासूबाईंना पहाटे फिरायला पाठवू नका, कितीही सवय असली तरी.

आणि ऊन. जानेवारीत दुपारचा सूर्य इथे दक्षिणेकडे खाली असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत जातं. ऊन पडेल त्या दिवशी अकरा ते तीन पडदे पूर्ण उघडे, चार वाजता जाड पडदे बंद. रजया रोज गच्चीत. कापसाची रजई ओल धरते आणि ओली रजई गार असते. जुनी असेल तर पिंजून घ्या, गल्लीत धुनकर येतात. दबलेल्या कापसात ऊब राहत नाही.

धुक्याचे दिवस मात्र सोसायचेच. ३० डिसेंबर २०१९ ला इथे दुपारचा पारा ९.४ च्या वर गेला नव्हता, १९०१ पासूनच्या नोंदींत डिसेंबरमधला सर्वांत थंड दिवस. त्याउलट २०२१ च्या १ जानेवारीला पहाटे १.१ होतं. तरी पहिला दिवस जास्त जड गेला. पहाट संपते, दिवसभराचा गारठा भिंतीत मुरतो.

---

बटालियनवाला | मंगळवार, रात्री ८:१५

फौजेतून निवृत्त, साताऱ्याकडचा. दोन हिवाळे लडाखमध्ये काढले. थोडक्यात लिहितो.

आमच्या बंकरमध्ये रॉकेलची बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी असायची. धूर बाहेर न्यायला नळकांडं होतं, तरी झोपायच्या आधी बुखारी विझवायची आणि झरोका उघडा ठेवायचा, हा हुकूम होता. थंडी उणे वीस असली तरी. वरचे लोक उगाच सांगत नाहीत.

काश्मिरात फेरनच्या, म्हणजे लांब सैल झग्याच्या आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचं मडकं बसवलेली टोपली धरतात. ती जागेपणी हातात धरायची वस्तू आहे, अंथरुणात न्यायची नाही. वर्षानुवर्षं पोटाशी धरणाऱ्यांना कातडीचा कॅन्सर होतो, तिथल्या डॉक्टरांनी त्याला कांगडीचंच नाव दिलंय.

लेहजवळ फे गावात सेकमोल या संस्थेची शाळा बघितली. मातीच्या भिंती, दक्षिणेला काच, आत जळण नाही. बाहेर पाणी गोठत असताना पोरं आत नुसता स्वेटर घालून बसलेली. वर द्राक्षबागवाल्यांनी जे आजोबांच्या घराचं लिहिलंय, तेच तिथे मोठ्या प्रमाणावर.

अंगाचं म्हणाल तर: एक जाड घालण्यापेक्षा तीन पातळ. आतला कपडा कोरडा. झोपताना मोजे बदलायचे, दिवसभरातले घामट मोजे घालून झोपलं की पाय रात्रभर गार. कानटोपी झोपेतही. आजींना साडीखाली लोकरी पायजमा घालायला सांगा, लाजतील, पण एकदा घातला की काढणार नाहीत.

---

कृष्णाकाठ | शुक्रवार, दुपारी २:५०

उशीर झाला, माफ करा. कोणाकोणाचे आभार मानू.

डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली. छातीत थोडा कफ आहे, घाबरण्यासारखं नाही म्हणाले. आणि एक गोष्ट उघडकीला आली. सासूबाई संध्याकाळनंतर पाणीच पीत नव्हत्या, रात्री उठून त्या गार फरशीवरून न्हाणीघरात जायला नको म्हणून. तीन महिने. मला माहीत नव्हतं. आता पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवलीय, पलंगापासून दारापर्यंत सतरंजीची पट्टी अंथरलीय. पाणी कोमट करून थर्मासमध्ये.

सगळे मधल्या खोलीत झोपतो. दाराखाली जुन्या परकराची वाळू भरलेली गुंडाळी, खिडकीवर रजईच्या कापडाचा पडदा. तेलाचा हीटर घेतला, १६ अँपिअरच्या पॉइंटवर, रात्री आठ ते अकरा आणि पहाटे पाच ते सात. तापमापक काल पहाटे १६ वर होता. १८ नाही झालं अजून, पण १२ चे १६ झाले.

खरी ऊब मात्र अंथरुणाची. कोल्हापूरहून येताना सासूबाईंनी पट्टणकोडोलीच्या जत्रेतलं घोंगडं आणलं होतं, मी ते टोचतं म्हणून माळ्यावर टाकलं होतं. "खालून येती" हे वाचून त्यांनीच ते काढायला लावलं आणि अंथरूण कसं घालायचं ते खुर्चीत बसून दाखवलं. तळाला चटई, मग घोंगडं दुहेरी, मग गादी. अंगाला लागून त्यांच्या आईची गोधडी, धुऊन धुऊन मलमलीसारखी झालेली, वर रजई. पोराने विचारलं, घोंगडं खाली का? म्हणाल्या, मेंढरू पावसात बसतं तेव्हा खाली कुठे गादी असते का त्याला.

काल त्या स्वतःहून उठून स्वयंपाकघरात आल्या आणि बाजरीचं पीठ कुठे मिळतं विचारलं.

---

डॉ_वैदर्भी | शुक्रवार, दुपारी ४:२०

पाणी न पिण्याचं तुम्ही शोधून काढलंत, फार चांगलं झालं. मी पेशंटच्या घरच्यांना नेमकं हेच विचारते आणि दहातले बरेच जण अनभिज्ञ असतात. बीपी लिहीत राहा. गोळी बदललीय, तेव्हा उठताना चक्कर येते का बघा: आधी दोन मिनिटं पलंगावर बसायचं, मग उभं राहायचं.

---

पहाडगंजकर | शुक्रवार, संध्याकाळी ६:१०

बाजरीचं पीठ कुठल्याही चक्कीवर मिळेल. गूळ आणि तीळ आताच घेऊन ठेवा.

एक विनंती, तुमच्या इमारतीचा चौकीदार रात्री काय करतो तेवढं बघाल का? इथे प्रदूषणामुळे उघड्यावर लाकूड जाळायला बंदी येते, आणि सोसायट्यांनी चौकीदारांना विजेचा हीटर द्यावा असं सरकारी फर्मान असतं. पुष्कळ ठिकाणी बंदी तेवढी पाळतात आणि हीटर देत नाहीत. मग तो माणूस डबा घेऊन आत खोलीत जातो. आम्ही गल्लीत दरवर्षी आता वर्गणी काढतो, एक दांडीचा हीटर आणि एक घोंगडी. त्या सकाळनंतर सुरू केलं.

---

कृष्णाकाठ | शुक्रवार, रात्री ९:००

मिस्टर आत्ताच खाली जाऊन आले. जिन्याखालच्या खोलीत खरंच डबा आहे. आज आमचा ब्लोअर त्याला देतोय, तो दार उघडं ठेवूनच लावेल असं सांगितलंय आणि पॉइंट बघितलाय. उद्या सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलणार.

---

उगवतीकडे | शनिवार, सकाळी ६:३०

कृष्णाकाठ, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. मलाही आईने एक घोंगडं दिलंय, दोन वर्षं पिशवीत पडलंय. त्याला एक आंबट वास येतो. मशीनमध्ये धुतलं तर चालेल का?

---

कृष्णाकाठ | शनिवार, सकाळी १०:४०

सासूबाई सांगताहेत तसंच लिहिते: "मशीनमध्ये नको ग बाई, आटून पोतेरं होईल. वास चिंचोक्याच्या खळीचा असतो, सूत ताठ राहायला लावत्यात. दोन दिवस कडक उन्हात टाक, काठीनं झोडप, उलटं करून परत झोडप. वास जातोय. फारच मळलं असलं तर गार पाण्यात बुडवून काढायचं, पिळायचं न्हाई, आडवं पसरून वाळवायचं. आणि ठेवताना कडुनिंबाचा पाला घाल घडीत. तिकडं कडुनिंब मिळतो का?"

---